राहिलेल्या गोधडीचं देणं

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरांची वाडी. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसांचा पत्ता लागला नाही, आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. त्या आठवड्यात कर्जत-खालापुरातल्या घराघरांतून चादरी, भांडी, कपडे बाहेर निघत होते. आमच्या शाळेतल्या शिक्षकांनीही गाठोडी बांधली. पांघरुणं शोधायला म्हणून आम्ही घरातली नानीची पत्र्याची पेटी उघडली, आणि या लेखाचा विषय तिथं सापडला.

पेटीत वर दोन जुन्या गोधड्या होत्या. त्या झटकून, उन्हाची तिरीप मिळेल तेवढी दाखवून आम्ही गाठोड्यात घातल्या. त्यांच्याखाली मात्र एक पंचाचं बोचकं होतं. सोडलं तर आत सतरा चौकोन निघाले. प्रत्येक चौकोन एका वितीचा, सहा-सात कातरणी जोडून केलेला. शिवाय मूठभर न जोडलेल्या चिंध्या, दोऱ्याचं एक रीळ, आणि अठराव्या चौकोनात अर्ध्यावर टोचून ठेवलेली सुई. कोकणच्या दमट हवेनं ती गंजून कापडाला चिकटली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, माणसं पांघरुणासाठी खोळंबली होती, आणि आमच्या मांडीवर सतरा सुंदर चौकोन होते. एवढं कापड, एवढी मेहनत, पण त्याखाली एक तान्हं मूलसुद्धा निजू शकलं नसतं. चौकोन म्हणजे गोधडी नव्हे, हे त्या दिवशी जसं समजलं तसं पूर्वी कधी समजलं नव्हतं.

अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "हे शेजारच्या काकूंच्या नातवासाठी होतं. नानीनं दुपटं करून देते म्हणून सांगितलं होतं." म्हणजे गोष्ट 2012 सालची. काकूंची सून बाळंतपणाला आली होती. काकूंनी सासूच्या नऊवारीचा तुकडा, लेकीच्या परकराचा काठ, मालकांच्या जुन्या सदऱ्याची पाठ असं एकेक आणून नानीच्या हाती दिलं होतं. आमच्या घरची भर म्हणजे नानांची लुंगी आणि टेलरकडची कातरण. त्याच वर्षी नानी अल्लाहला प्यारी झाली. तो नातू दुकानातल्या मऊ ब्लँकेटात वाढला, आणि आता पाठीवर दप्तर टाकून आमच्या दारावरून हायस्कुलात जातो.

प्रश्न असा की, हे देणं अजून शिल्लक आहे का?

सहज उत्तर 'नाही' असं येतं. ज्याच्यासाठी दुपटं होतं तो दुपट्यात मावत नाही. देणारी गेली. काकूंनी कधी मागितलं नाही. कुणाचं काही अडलं नाही. शिवाय नानीची नियत साफ होती, आणि कर्माचं मोल नियतीवर ठरतं हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथंच थांबलो असतो तर बोचकं पुन्हा पेटीत गेलं असतं. पण थोडा विचार केल्यावर हे उत्तर लंगडं वाटू लागलं.

नियत हा माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातला हिशेब आहे. नानीचा तो हिशेब चुकता झाला असेल, त्यात आम्ही पडत नाही. परंतु आपल्याकडे दुसराही एक हिशेब मानला जातो, हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. हा हिशेब ज्याचा हक्क आहे त्यानं माफ केल्याशिवाय मिटत नाही. म्हणून तर मयताची मालमत्ता वारसांत वाटण्याआधी त्याचं कर्ज फेडायचं असतं. आम्ही नानीची पेटी घेतली, तिची कात्री घेतली, तिच्या हातच्या गोधड्या पांघरल्या. मग बोचकं तेवढं आमचं नाही असं कसं म्हणता येईल? त्या चिंध्या नानीच्या मालकीच्या नव्हत्याच. त्या अमानत होत्या.

कुणी म्हणेल, चिंध्यांची कसली अमानत! पण चिंधी हा शब्द शहरात तुच्छतेनं वापरतात, तसा तो शिवणाऱ्या घरात वापरत नाहीत. पूर्वी चांगला शिंपी कपडा शिवून झाला की उरलेले तुकडे त्याच पुडक्यात बांधून परत द्यायचा. कापड गिऱ्हाइकाचं, तेव्हा कातरणही गिऱ्हाइकाची. नानी टेलरकडे कातरण मागायला जायची तेव्हा आधी विचारायची, "मालकानं सोडलीये ना?" आम्हाला तेव्हा हसू यायचं. चार बोटं रुंदीच्या तुकड्यासाठी एवढी चौकशी! आज वाटतं की थोर वस्तूंच्या बाबतीत प्रामाणिक राहणं सोपं असतं, कारण तिथं जग पाहत असतं. चिंधीच्या बाबतीत माणूस एकटाच असतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. काम अर्धवट राहतंच का? नानीचं मरणानं राहिलं. आमची जी कामं राहतात त्यांना तेवढं सबळ कारण नसतं. चौकोन करण्यात गंमत असते. रंग निवडायचे, लाल काठाशेजारी निळी लुंगी लावून पाहायची, एका बैठकीत एक चौकोन पुरा होतो आणि मनाला समाधान मिळतं. खरं काम त्यानंतरचं. चौकोन एकमेकांना जोडायचे, खाली जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून सुरकुत्या काढायच्या, आणि मग गुडघे दुखेपर्यंत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावदोरा घालत जायचं. यात नवं काही नाही, नुसतं निभावणं आहे. म्हणून माणूस पुन्हा नवा चौकोन करायला घेतो. आम्ही शिक्षकही हेच करतो. जूनमध्ये नवा उपक्रम, ऑगस्टमध्ये दुसरा, डिसेंबरात तिसऱ्याचं उद्घाटन. भिंतीवर चौकोन पुष्कळ लागतात, मुलाच्या अंगावर गोधडी येत नाही.

कुराणात सूरह नहलमध्ये एका बाईचा दाखला येतो, घट्ट कातलेलं सूत आपल्याच हातानं उसवून टाकणारी. तो दाखला दिलेला शब्द मोडणाऱ्यांसाठी आहे. आम्ही तो वर्गात कैकदा सांगितला असेल. बोचकं सापडल्यावर मात्र वाटलं, उसवणारी तरी डोळ्यांसमोर उसवते. न उसवता, न शिवता पेटीत ठेवून देणाऱ्याला आपण शब्द मोडल्याचं कळतही नाही.

अखेर आम्ही बोचकं घेऊन काकूंकडे गेलो. मनात होतं की त्या म्हणतील, जाऊ द्या, आणि आम्ही सुटू. काकूंनी चौकोन हातात घेतले, एकेक उलटून पाहिले. एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमच्या सासूबाईंचं लुगडं. यातलं एवढंच राहिलंय आता." थोड्या वेळानं आम्हीच विचारलं, कापड परत हवं का? तर म्हणाल्या, "चिंध्या घेऊन मी काय करू? चाचीनं गोधडी कबूल केली होती." शब्दात राग नव्हता. पण माफीही नव्हती, हे आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

यावर आमच्या एका सहकाऱ्यानं वेगळाच मुद्दा काढला. त्याचं म्हणणं, हे काम नानीचं आहे. तुमचे टाके तिच्या टाक्यांत मिसळले की तिचा हात हरवेल. त्यापेक्षा आहे तसं काचेत लावून ठेवा. मुद्दा टाकाऊ नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि जगानं त्या पाहिल्या. पण त्या गोधड्या आधी थंडीसाठी झाल्या होत्या, भिंतीवर नंतर गेल्या. नानीचे चौकोन काचेत लावले तर त्यांना मान मिळेल, त्यांचा हेतू मात्र कायमचा मरेल.

आणि दुसऱ्याचं काम हाती घेण्यात पहिल्याचा अपमान असतो का? याचं उत्तर आमच्या गावाच्या डोक्यावरच उभं आहे. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटातला रेल्वेमार्ग पाहा. काम 1856 साली सुरू झालं. पहिल्या कंत्राटदारानं, फॅव्हिएलनं, 1859 मध्ये ते सोडलं. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल परत जाऊ शकली असती, कुणी नावं ठेवली नसती. तिनं कंत्राट चालू ठेवलं, जाणत्या अभियंत्यांवर काम सोपवलं, आणि 1863 मध्ये घाट खुला झाला. पंचवीस बोगदे कुणाचे म्हणायचे? फॅव्हिएलचे, सॉलोमनचे, की ॲलिसचे? आणि पटकीनं, तापानं, सुरुंगांच्या अपघातांनी त्या घाटात जे हजारो मजूर गेले, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचे नाहीत का? शाळेला जाताना खोपोली लोकलमधून पळसदरीला तो घाट दिसतो. गाडी वर चढते तेव्हा कुठला दगड कुणी लावला असं ती विचारत नाही.

मग आम्ही शिवायला बसलो. पद्धत मात्र बदलली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्द्यांसारखेच तेही मूळचे आफ्रिकेचे, त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. तिथल्या बायकांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या चौकोनांचा ढीग आधी करत नाहीत. थर अंथरतात, काठापासून सुरुवात करतात, एकेक तुकडा जागेवर ठेवून तिथल्या तिथं सगळ्या थरांतून टाके घालत मध्याकडे येतात. शेवटी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, त्यांना फुला म्हणतात. त्या लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

या पद्धतीत आम्हाला एक मोठा धडा दिसला. चौकोनांच्या कामात सगळं शेवटच्या जोडणीवर टांगलेलं असतं. ती झाली नाही तर आधीचं सारं व्यर्थ. कवंदीत आज जेवढं शिवलं तेवढं शिवलेलं असतं. हात मध्येच थांबला तर पुढचा माणूस काठाकडे पाहून सांगू शकतो की काम कुठवर आलं आणि कुठं जायचं आहे. मरण कुणाला सांगून येत नाही, त्यामुळे प्रत्येक काम पुरं करण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. पण दुसऱ्याला उचलता येईल अशा रीतीनं ते ठेवण्याची हमी देता येते. आमच्या मते माणसाचं कर्तव्य इथं सुरू होतं. नानीकडून चूक झालीच असेल तर ती एवढीच, की बोचकं कुणाचं हे कुणाला नीट सांगून ठेवलं नाही. आमची चूक मोठी. आम्ही अकरा वर्षं पेटी उघडून विचारलं नाही.

बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला शिकवलं. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. पस्तीस मिनिटांत सगळं पुरं. प्रत्यक्षात एकही मूल आमच्या हातून पुरं होऊन जात नाही. कुणी सातवीनंतर मराठी शाळेत जातं, कुणी भावासोबत गॅरेजवर, कुणाचं लग्न ठरतं. प्रत्येकाला आम्ही अर्ध्यावरच सोडतो. पूर्वी याचं वाईट वाटे, किंवा खरं सांगायचं तर त्याचा आधार वाटे, की पुरं कुणालाच करता येत नाही. आता आम्ही स्वतःला वेगळं विचारतो. या मुलाला जिथवर आणलं तो काठ पक्का आहे का? पुढच्या शिक्षकाला, किंवा त्याचं त्यालाच, तिथून सुई घालता येईल का?

मुलगा मोठा झाला, तेव्हा गोधडीही मोठी हवी होती. लांबीला आठ आणि रुंदीला सहा, असे अठ्ठेचाळीस चौकोन. त्यातले काठाला चोवीस लागतात. नानीचे सतरा काठालाच लावले. अठराव्यातली गंजलेली सुई काढली, तिचा डाग राहू दिला, आणि तो चौकोन धरून उरलेले सात आम्ही पुरे केले. आतले चोवीस काठाकडून मध्याकडे चालले आहेत. आमचे टाके नानीच्या टाक्यांपेक्षा लांब पडतात, ओळ वाकडी जाते. काकू अधूनमधून दारात येऊन पाहतात. परवा त्यांनी नातवाच्या शाळेच्या जुन्या शर्टाची बाही आणून दिली. "ही पण घाला," म्हणाल्या.

अजून नऊ चौकोन राहिले आहेत. अम्मीला सांगून ठेवलं आहे, बोचकं कुणाचं ते.