नायकाला कोण बोलणार?

जुन्या मराठी चित्रपटांचं कौतुक करताना आपण सवयीनं एक पुस्ती जोडतो: ‘त्या काळाच्या मानानं’ चांगला. ही सवलत मला अपमानकारक वाटते. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ 1936 सालचा, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 2016 सालचा. मधल्या ऐंशी वर्षांत कॅमेरा, ध्वनी, रंग, सगळंच बदललं. तरी निव्वळ आवडीनं चित्रपट पाहणाऱ्याला दोन्हींपुढं एकच प्रश्न ठेवता येतो, आणि तो ठेवायलाच हवा: आपल्या नायकाला कुणी उलट बोललेलं या चित्रपटाला सोसतं का?

दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ला ते सोसतं. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा इतके तल्लीन आहेत की त्यांच्या शेजारी कुणीही खुजं दिसावं. गौरी यांनी उभी केलेली त्यांची बायको जिजाई मात्र खुजी होत नाही. संतचरित्रांतून ही बाई बहुधा कजाग म्हणून भेटते. इथं तिच्या तोंडी भुकेल्या पोरांचा हिशेब आहे आणि तो चुकीचा नाही. मूल आजारी पडतं तेव्हा ती थेट देवळात शिरून विठोबालाच जाब विचारते. नवऱ्याची भक्ती खरी आणि घरातली चूल रिकामी, या दोन्ही गोष्टी चित्रपट एकाच वेळी खऱ्या मानतो. तुकोबा वैकुंठाला जातात, जिजाई मागे उरते, आणि त्या उरण्याचं वजन आपल्याला जाणवतं. यातले चमत्कार आज भाबडे दिसतात हे मान्य. ती यंत्राची मर्यादा होती. कुणाला बोलू द्यायचं, हे मात्र यंत्र ठरवत नाही.

यावर कुणी म्हणेल, आजची मूल्यं कालच्या कलाकृतींवर लादू नयेत. पण तो ‘काल’ एका मताचा होता कुठं? पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, शांतारामबापूंच्या ‘कुंकू’त शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायचं ठाम नाकारते. हे लादायला आपण मागे गेलो नव्हतो; ते तिथं होतंच. म्हणूनच ‘कुंकू’चा शेवट मला खटकतो. नवऱ्याला पश्चात्ताप होतो, तो जीव देऊन तिला मोकळं करतो आणि इतका वेळ तिनं एकटीनं दिलेली झुंज त्याच्या उदारपणात जमा होते. केशवराव दाते यांचा अभिनय अप्रतिम आहे, पण त्यामुळं ही उणीव भरून निघत नाही.

हीच कसोटी नव्यालाही लावू. ‘फर्जंद’ (2018), ‘पावनखिंड’ (2022) अशा शिवकालीन चित्रपटांना लोकांनी मनापासून दाद दिली. त्यांत त्वेष आहे, मेहनत आहे. पण स्वराज्याच्या बाजूच्या माणसाला शंका, धास्ती, घरची ओढ यांसाठी फारशी जागाच मिळत नाही. आराध्य पुरुषाला कोण प्रश्न विचारणार, असा आक्षेप येईल. तुकोबा काय कमी आराध्य आहेत? जिजाईच्या तोंडी इतकं सगळं देऊनही ‘संत तुकाराम’ चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसला गौरवला गेला. श्रद्धेनं आलेल्या प्रेक्षकांना ते बोलणं सोसलं. आजच्या प्रेक्षकांना सोसणार नाही हे आपण परस्पर ठरवून टाकलंय.

‘सैराट’नं ते ठरवलं नाही. पूर्वार्धात गाणी, स्लो मोशन, विहिरीतल्या उड्या. लोकप्रिय सिनेमाची सगळी मिजास आहे. परशा आणि अर्ची हे प्रेमी पळून हैदराबादेत पोचल्यावर मात्र चित्रपट दोघांचीही झाडाझडती घेतो. परशा अर्चीवर संशय घेतो, हात उचलतो, तेव्हा कॅमेरा त्याची वकिली करत नाही. अर्चीलाही सूट नाही: गावातला तिचा बिनधास्तपणा पाटलाच्या घराच्या जोरावरही होता, हे झोपडपट्टीतल्या त्या खोलीत तिला आणि आपल्याला एकदमच कळतं. ‘सैराट’ची चर्चा बहुतेक त्याच्या शेवटाभोवती फिरते. मला हा मधला, काहींना रेंगाळलेला वाटणारा भागच जास्त मोलाचा वाटतो. इथं मंजुळे आपल्या लाडक्या पात्रांनाही पाठीशी घालत नाहीत.