दुसऱ्याच्या देहावरची सही

आमच्या मावळातल्या शाळेत मुलांना तपासणाऱ्या डॉक्टरांची गाडी येते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही गाडी. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीच्या छातीत डॉक्टरांना निराळा आवाज ऐकू आला. पुण्यात निदान झाले : हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच भोक.

मुलीचा बाप माझा जुना विद्यार्थी. लोणावळ्याला माझ्या ओसरीवर येऊन बसला. "गुरुजी, पोरगी तर लोहगड चढून येती. मग सही कशापायी करू?"

प्रश्न वेडगळ नव्हता. असले भोक लहानपणी बहुधा मुकेच असते. हृदयाच्या उजव्या बाजूवरचा जादा भार पुढे, भरल्या वयात जाणवू लागतो. म्हणजे चाळिशीतल्या, अजून न दिसणाऱ्या बाईसाठी आज अंगणात खेळणारी पोर टेबलावर निजवायची. त्यातून हिची घडणही न्यारी. एरवी मांडीच्या शिरेतून नळी सरळ हृदयात नेतात आणि निकेल-टायटॅनियमच्या तारांची दुहेरी चकती भोकात बसवतात. हिची पोटातली मोठी शीर मध्येच खुंटलेली. खालच्या अंगाचे रक्त पाठीकडच्या शिरेने वळसा घेऊन वरून हृदयात उतरते. निसर्गाने काढलेली ही आडवाट इतकी वर्षे बिनबोभाट चालली होती! डॉक्टर म्हणाले, मानेतून जाऊन पाहू, पण कोन अवघड आहे.

मी म्हटले, "कर सही." असे म्हणायला माझे काय जात होते?

मागाहून वेर्नर फोर्समन आठवला. १९२९ साली हृदयापर्यंत नळी नेण्याच्या प्रयोगासाठी एका परिचारिकेने त्याला आपला देह देऊ केला. त्याने तिला टेबलाला बांधले आणि नळी घातली स्वतःच्या हाताच्या शिरेत. मग चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला. १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मला मात्र त्या नळीपेक्षा ते बांधून ठेवणेच फार वेळ पुरले. तिचा होकार हाती असून त्याने तो वापरला नाही. बापाला ही सोय कुठली? आणि सही न करणे, हीसुद्धा पोरीच्या देहावर केलेली सहीच.

चकती नीट बसेना. सोडण्यापूर्वी ती मागे ओढता येते, तशी ओढून घेतली. पोर सुखरूप घरी आली. आता छाती उघडून करायच्या शस्त्रक्रियेचा कागद आला आहे.

या खेपेस मी सल्ला दिला नाही. बापलेकींबरोबर पुण्याला गेलो आणि सगळे तिच्यासमोर बोलायला लावले. तिने ऐकून घेतले नि डॉक्टरांना विचारले, "तवा पन तुमीच असनार का?"

"नाही बाळ," ते म्हणाले, "दुसरे डॉक्टर असतील."

"मग त्यांना भेटू द्या आधी."

कागद अजून कोराच आहे. सोमवारी पुन्हा पुण्याला जायचे आहे.