म्हातारचळ

आपल्या भाषेतले काही शब्द निवाड्यासारखे असतात. ते एकदा तोंडातून गेले की पुढे साक्षीपुराव्याची गरज उरत नाही. ‘म्हातारचळ’ हा त्यांतला एक. आजोबांनी हात धुऊन झाल्यावर पुन्हा ताट मागितले, आजी तिन्हीसांजेला दाराची कडी चाचपू लागली, की घरातले कुणीतरी हा शब्द उच्चारते. बाकीचे हसतात किंवा सुस्कारा टाकतात, आणि प्रकरण निकालात निघते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण जोडीला हजर असतेच. आपल्या राज्यातले बहुतेक सरकारी नोकर ५८व्या वर्षी निवृत्त होतात. या म्हणीला भिऊनच सरकार दोन वर्षे आधी सावध होत असावे, अशी मला आपली एक शंका आहे.

मी नांदेडचा शाळामास्तर. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचे जे काही शिकलो ते कादंबऱ्या लिहिताना माणसे पाहून. तेव्हा वैद्यकीच्या बाता मी मारू नयेत हे खरे. पण मुलांना शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा धंदाच आहे, आणि या शब्दाच्या पोत्यात निदान चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा खरा आजार, बहुधा हळूहळू वाढत जाणारा. परंतु उतारवयातली उदासीही कधीकधी विसराळूपणाचे सोंग घेऊन येते, आणि ती औषधाने व बोलण्याने पुष्कळदा ओसरते. थायरॉइड मंदावला, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी माणूस सुस्त आणि विसरभोळा होतो. आणि काल चांगला असलेला म्हातारा आज एकाएकी भिंतीशी बोलू लागला, तर बहुतेक वेळा ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातले कमी झालेले मीठ असे काहीतरी कारण निघते; त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे. आपण मात्र चौघांनाही एकाच शब्दाने हाक मारतो.

देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवरून काढलेला एक अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आकडा लहान नाही. पण तोच उलटून पाहा : शंभरांतल्या ब्याण्णवांची बुद्धी या अर्थाने नाठी झालेली नाही. म्हणीने एवढ्यांवर उगाच आळ घेतला आहे.

आता खऱ्या आजाराविषयी. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. माहेर-सासर दोन्ही औसा तालुक्यातले, किल्लारीच्या आसपासचे. दिवेलागण झाली की त्या पिशवीत लुगडे भरतात आणि म्हणतात, “मला घरला जाऊ द्या, जनावरांचं चारापाणी राहिलंय.” ते घर आता नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंतचतुर्दशीचे गणपती बोळवून माणसे नुकती आडवी झालेली असताना धरणी हलली, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडामातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर अंगावर आले. पुढे ५२ गावे मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव ओळी, आणि शेजार मात्र विस्कटलेला. त्या वेळी ज्या बाया पंचेचाळिशीत होत्या त्या आज पंचाहत्तरी ओलांडून बसल्या आहेत. म्हातारपणी ज्यांनी हात धरायचा ती मुले कित्येकींची त्याच रात्री गेली. काकूंची थोरली मुलगी आणि त्यांचे यजमान असेच गेले.

काकूंचा मुलगा रोज म्हणतो, “उद्या जाऊ, माय.” एकदा एका पाहुण्याला हे खोटे बोलणे सहन झाले नाही. त्याने सरळ सांगून टाकले, की गाव पडले, माणसे गेली. काकूंनी ते जणू पहिल्यांदाच ऐकले. रात्रभर ऊर बडवून रडल्या. सकाळी विसरल्या, आणि तिन्हीसांजेला पिशवी पुन्हा हातात.

सत्य बोलावे, हे मी वर्गात शिकवतो. पण ज्याला सत्य साठवता येत नाही, त्याला ते रोज नव्याने सांगणे म्हणजे त्याच माणसाचे प्रेत त्याच्या दारात रोज आणून ठेवणे होय. त्या पाहुण्याने स्वतःच्या मनाची टोचणी घालवली, दुसरे काही साधले नाही. तथापि मुलाचे “उद्या जाऊ” हेही मला पुरेसे वाटत नाही. ते खोटे आहे याचे मला फारसे काही नाही. तेवढ्यावर बोलणे संपते, हे खटकते. (हे म्हणणे मला सोपे आहे, हेही कबूल. रात्री तीनदा उठून दार पाहणारा तो. मी आपल्या घरी स्वस्थ झोपतो.) त्याची बायको मात्र विचारते, “कोणती जनावरं, आत्याबाई?” मग काकू बैलांची नावे सांगतात, कुठला मारका होता ते सांगतात, माळवदावर मिरच्या कशा वाळत घालायच्या ते सांगतात. बोलता बोलता पिशवी खाली येते. सून त्यांना खरेही सांगत नाही, खोटेही सांगत नाही. काकूंना जे ठाऊक आहे ते ती त्यांच्याकडून ऐकते. गाव गेले, तरी त्या गावाची माहिती असलेले माणूस घरात आहे, हे तिने ओळखले आहे.

लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली असा ठराव केला, की आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते आईबापांच्या खात्यावर भरावेत. पुढल्या वर्षाच्या आरंभी सात जणांचे पगार खरोखरच कापले. ज्या बारा जणांविरुद्ध तक्रारी होत्या, त्यांत सहा शिक्षक होते, हे वाचून आमच्या शिक्षकखोलीत त्या दिवशी कुणी चहाचा विषय काढला नाही. ठराव योग्यच होता. पैशाचे तीस टक्के कापता येतात. पण सुनेने जे दिले ते कोणत्या पगारातून कापायचे?

कायद्याला मात्र या बाबतीत आपल्या घरांपेक्षा अधिक अक्कल आहे असे मला वाटते. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून अंमलात आला. त्याच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. त्यातले एक कलम मी वहीत उतरून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयशक्ती नाही असे धरू नये. ‘म्हातारचळ’ या शब्दाच्या मुळावरच हे कलम येते! याच कायद्याने कोणाही प्रौढ माणसाला, आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लेखी सांगून ठेवता येते. आणि साध्या कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमता येतो.

कागद झाला, पण जायचे कुठे? राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. आमच्या लोकांच्या डोक्यात मनाचा दवाखाना म्हणजे अजून येरवडाच, आणि आईला तिथे नेण्यापेक्षा दाराला कुलूप लावणे त्यांना बरे वाटते. वास्तविक नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या आजारांची तपासणी होते; आणि १४४१६ या क्रमांकावर २०२२पासून फुकट, मराठीतूनही, सल्ला मिळतो. सांभाळणारी सून थकली असेल तर तिनेही तो फिरवावा.

गेल्या दिवाळीत लातूरच्या माझ्या एका स्नेह्याकडे फराळाला गेलो होतो. त्याचे वडील ऐंशीचे, अधूनमधून विसरणारे, पण अजून नीट बोलणारे. पुण्याहून दोन्ही मुलगे आले होते. कोऱ्या कागदाची गोष्ट मी सांगितली, तेव्हा म्हाताऱ्याने लगेच चष्मा मागितला आणि उदगीरला दिलेल्या धाकट्या मुलीचे नाव लिहिले. थोरला जरा दुखावला. “अण्णा, मी का नाही?”

“तू दवाखान्यात मला बोलूच देत नाहीस,” अण्णा म्हणाले, “डॉक्टर मला विचारतो, आन् उत्तर तू देतोस.”