सकाळची शपथ आणि ताडीवरची चिलटे

पालघर व बोईसर-तारापूरकडील आपल्या गावांत मद्यप्याविषयी दोन निर्णय फार सहज दिले जातात. पहिला असा की, “त्याचा बापही पीत होता, ते रक्तातच आहे, त्यास बोध करून काय उपयोग?” दुसरा असा की, “काल सकाळी चौघांदेखत शपथ घेतली आणि आज पुन्हा ताडाखाली जाऊन बसला. तेव्हा त्याची शपथच खोटी.” पहिल्या निर्णयाने तो मनुष्य दोषातून सुटतो, पण आशेसही मुकतो. दुसऱ्याने तो लबाड ठरतो. हे दोन्ही निर्णय एकाच तोंडून, कित्येकदा एकाच दिवशी, बाहेर पडतात. ते न्याय्य आहेत काय, ह्याचा विचार करण्यास एका क्षुद्र जीवाची साक्ष आपल्या उपयोगी पडणारी आहे.

ताडीच्या मडक्याभोवती किंवा पिकून फुटलेल्या चिकूवर तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे जमलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. (आंबा नासवणारी मोठी फळमाशी ती ही नव्हे.) आंबणाऱ्या फळात आपोआप थोडे मद्य उत्पन्न होते, त्यातच हा जीव अंडी घालतो व त्यातच त्याची पिले वाढतात. शास्त्रज्ञांनी ह्या चिलटाचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षे चालविला आहे, आणि त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली जीवशास्त्राचा एक नवा विभाग उभारला. पुढे त्यांनी व केनियात जन्मलेल्या गोमंतकीय घराण्यातील डॉ. वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी, ज्यांना काही वास किंवा चवी जन्मतःच ओळखता येत नाहीत अशी चिलटे शोधून काढली. वासासारखी गोष्टही जनुकांवर, म्हणजे आईबापांकडून उतरणाऱ्या शरीरघटनेवर, अवलंबून असते हे त्यावरून दिसून आले.

मद्याची परीक्षा अमेरिकेत झाली. सुमारे ४ फूट उंचीच्या काचेच्या नळकांड्यात आत उतरत्या पायऱ्या बसवितात व त्यात मद्याची वाफ सोडतात. चिलटे वरच्या पायऱ्यांवर बसतात, हळूहळू झिंगतात व तोल जाऊन खाली घसरत येतात. सॅन फ्रान्सिस्को येथे उल्रिके हेबरलाइन यांच्या प्रयोगशाळेत अशी एक वाणाची चिलटे आढळली की, ती इतरांच्या फार आधी खाली पडत. त्यांचे कोणते जनुक बिघडले आहे हे १९९८ साली कळले, तेव्हा ते जुन्या ओळखीचे निघाले. ‘विसराळू’ ह्या अर्थाच्या नावाने ते १९७९ पासून ठाऊक होते. कारण ते बिघडले म्हणजे चिलट शिकलेला धडा लवकर विसरते. मद्य सोसण्याची शक्ती आणि स्मरणशक्ती ह्या दोहोंचा धागा अशा रीतीने एकाच ठिकाणी गुंतलेला दिसला.

तर मग ‘रक्तात आहे’ असे म्हणणारा खरा ठरला काय? काही अंशी ठरला. मनुष्यांतील जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून व्यसन जडण्याच्या संभवात सुमारे अर्धा वाटा जन्मजात दिसतो. परंतु रक्तात नेमके काय असते, ह्याविषयी गावचा समज बहुधा उलटा आहे. दोन प्याल्यांत जो डुलू लागतो त्यास आपण हसतो, आणि मडके रिते करूनही सरळ चालत जाणाऱ्याची, ‘ह्याला पचते’ म्हणून, वाहवा करितो. मार्क शुकिट यांनी पिणाऱ्या बापांच्या तरुण मुलांची वर्षानुवर्षे पाहणी करून १९९४ साली दाखविले की, ज्यांस आरंभी मद्य कमी चढते तेच पुढे व्यसनात अधिक सापडतात. लग्नमंडपात ज्याची पाठ थोपटली जाते त्याच्याचविषयी घरच्यांनी काळजी करावी, असा ह्याचा अर्थ.

आणि कोणी ह्यावरून ‘वारली, कातकरी यांची जातच पिणारी’ असे अनुमान काढील तर त्यास ह्या चिलटांचा काडीचाही आधार नाही. येथे फरक दिसला तो वाणावाणातला व माणसामाणसातला. समाजाविषयी त्यातून काही निघत नाही. समाजाविषयी बोलावयाचे तर इतिहास पाहावा. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमविण्यावर व बाळगण्यावर बंधने आली. हेतू हा की, लोकांनी घरी दारू गाळून सरकारचे अबकारी उत्पन्न बुडवू नये. आपला मुलूख त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा निराळा झाला तो २०१४ साली. ज्यांस परवान्याच्या दुकानाकडे वळविले त्यांच्याच रक्तास मागाहून बोल लावणे मोठे सोयीचे असते.

आता शपथेकडे वळू. कार्ला कॉन, हेबरलाइन व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली चिलटांस एका विशिष्ट वासाबरोबर मद्याची वाफ दिली, आणि मग तो वास व दुसरा एक वास समोर ठेवून ती कोठे जातात हे पाहिले. अर्ध्या तासाने ती त्या वासापासून दूर पळत. त्याच चिलटांप्रमाणे वाफ दिलेल्या चिलटांची एक दिवसाने परीक्षा घेतली, तेव्हा ती त्याच वासाकडे धावत. वाटेत विजेचा धक्का बसला तरी तो सोसून जात. मद्याचा त्रास व मद्याचे सुख ह्या दोहोंची आठवण तेथे होती, पण त्रासाची लवकर विरली आणि सुखाची मागे राहिली.

सकाळी डोके दुखत असता बायकोमुलांसमोर ‘पुन्हा शिवणार नाही’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलतो असे मला तरी वाटत नाही. त्या घटकेस त्यास खरोखरच शिसारी आलेली असते. दुसऱ्या सायंकाळी ताडीचा वास आला म्हणजे जी आठवण जागी होते ती निराळी. “मागल्या वर्षीचे हाल विसरलास काय?” असे आपण त्यास विचारतो, पण त्याच्या दुःखाचे मूळ विसरण्यापेक्षा आठवण्यातच अधिक आहे.

मग दोष कोणाचाच नाही काय? येथे चिलटाची साक्ष संपते. चिलटास आपली वाट आधी ठरविता येत नाही, आणि सोबतीस चल असे दुसऱ्या चिलटास सांगता येत नाही. मनुष्यास शिसारीच्या त्या सकाळी दोन्ही करिता येतात, आणि तेवढ्यापुरता तो जबाबदार आहे. सायंकाळी वासापाशी पोहोचल्यावर त्याची जबाबदारी किती उरते, हे मला मोजता येत नाही, व मोजण्याची घाई कोणी करू नये. परंतु सकाळची शपथ ऐकून जे चौघे घरी जाऊन निजले, त्यांच्या वाट्यासही काही येतेच. बोईसरच्या कारखान्यांतून पगाराच्या दिवशी सुटणाऱ्या माणसास दुकानावरून न जाणारी दुसरी वाट बहुधा असते. ती लांब पडते, आणि अंधारात एकट्याने चालावयाची म्हणजे नकोशी वाटते.