जुन्या कायद्याचा हिशेब

विधिमंडळात मांडली जाणारी बरीचशी विधेयके नवा कायदा करत नाहीत, जुना बदलतात. त्यांची धाटणी ठरलेली असते. वर लांबलचक नाव, खाली मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमातील अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करावा अशी दोन-चार वाक्ये, मग उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि शेवटी मूळ कलमाचा उतारा. पाने थोडी असतात. पुष्कळदा असे विधेयक गदारोळात काही मिनिटांत संमत होते, वर्तमानपत्रात चौकटीतली बातमी येते आणि विषय मिटतो. तो बदललेला आकडा ज्याच्या जमिनीवर किंवा घरावर जाऊन आदळतो, त्याला मात्र तो तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेल्यावर कळतो.

जुना कायदा बदलायला माझी हरकत नाही. काळाबरोबर कायदे बदललेच पाहिजेत. पण बदलण्याआधी जुन्या कायद्याचा हिशेब मांडला गेला पाहिजे. तो कशासाठी केला होता, ते साधले का, आणि ज्यांनी तो इमानेइतबारे पाळला त्यांच्या पदरात आता काय पडणार? या तीन प्रश्नांची उत्तरे न देता केलेली दुरुस्ती कायद्याचे कलम सुधारते, पण कायद्यावरचा विश्वास कमी करते. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे तुकडेबंदीचा कायदा.

या कायद्याची मुळे शंभर वर्षांहून मागे जातात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. या गावात १७७१ च्या सुमारास सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. भाऊबंदकीत शेत वाटले जात होते, आणि प्रत्येक भावाला प्रत्येक शेतात वाटा हवा असल्याने एकेकाची जमीन दहा ठिकाणी विखुरली जात होती. तेव्हा तुकडे पाडायलाच बंदी घाला, हा उपाय सरकारदरबारी पुढे येऊ लागला.

याच प्रश्नावर १९१८ साली तरुण भीमराव आंबेडकरांनी एक प्रबंध लिहिला. त्यांचे निदान वेगळे होते. धारणा लहान असणे हा मूळ रोग नाही. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि शेतीत भांडवल नाही, हा रोग आहे. उद्योग वाढले, शेतीवरची माणसे तिकडे वळली, तर जमिनीचा प्रश्न सैल होईल. पुढे १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले, तेव्हाही त्यांनी त्याला कसून विरोध केला आणि सहकारी शेतीचा पर्याय मांडला. तुकडे रोखायच्या नादात लहान शेतकरी भूमिहीन होईल, ही त्यांची भीती होती.

तरी अखेर १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरले. त्याहून कमी क्षेत्राचा तुकडा पडेल असे हस्तांतर किंवा वाटप करायचे नाही; केले तर ते कलम ९ नुसार निरर्थक. असलेला तुकडा विकायचाच तर लगतच्या जमीनधारकाला. हेतू चांगला होता. शेती परवडावी, नांगर फिरावा, विहिरीचे पाणी एका ठिकाणी लागावे.

पण वारसाहक्क हस्तांतराच्या दाराने येत नाही. बाप गेला की मुलांची नावे सातबाऱ्यावर चढतात, आणि कागदावर वाटप झाले नाही तरी बांधावर होतेच. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या सगळ्या काळात तुकडेबंदी लागू होती. कायद्याने जे थांबवायचे ठरवले ते थांबले नाही, कारण त्याने हात घातला तो व्यवहाराला, आणि तुकडे पडत होते ते माणसांच्या गर्दीने. १९१८ सालचे निदान खरे ठरले होते, पण कायदा बदलताना ते कोणी उघडून पाहिले नाही.

दरम्यान शहरे वाढली आणि तुकड्याचा अर्थच बदलला. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. शेताच्या दृष्टीने हा तुकडा कुचकामी, पण दोन खोल्यांच्या घरासाठी पुरेसा. एमआयडीसीतला कामगार, एसटीचा चालक, धुणीभांडी करून चार पैसे साठवलेली बाई, यांना मंजूर लेआउटमधला बिगरशेती प्लॉट परवडत नव्हता. त्यांनी गावाबाहेरच्या शेतातला गुंठा घेतला. खरेदीखत होत नव्हते म्हणून स्टँपपेपरवर नोटरी केली, नाहीतर साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र घेतले. कुठे प्रमाणभूत क्षेत्र भरेल इतके दहा-अकरा जण एकत्र आले आणि सामाईक खरेदीखत केले. घर उभे राहिले, विजेचा मीटर बसला, ग्रामपंचायतीने घरपट्टीही लावली. सातबाऱ्यावर मात्र नाव जुन्या मालकाचेच राहिले, किंवा नाव लागले तर इतर अधिकारात तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार असा शेरा बसला. त्या शेऱ्यासह बँक कर्ज देत नाही. मूळ मालक वारला की त्याची मुले दारात येऊन उभी राहतात. ज्या घराची पट्टी सरकार घेते, त्या घराखालची जमीन तुमची नाही असेही सरकारच सांगते, या कोंडीत माणसांची आयुष्ये गेली.

ही कोंडी फोडणे गरजेचे होते, यात शंकाच नाही. प्रश्न आहे तो फोडण्याच्या रीतीचा. २०१७ च्या दुरुस्तीने सांगितले की, १५ नोव्हेंबर १९६५ पासून झालेले असे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करून घ्या. रेडी रेकनरच्या दराने ही रक्कम अनेकांच्या आवाक्याबाहेर होती, त्यामुळे फार जण पुढे आले नाहीत. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून तुकड्यांच्या दस्तनोंदणीवर टाच आणली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठ्यांवर आणले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेशाने २५ टक्क्यांचे ५ टक्के झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक अध्यादेश निघाला, आणि शहरी हद्दीतले व गावठाणालगतचे १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचे ठरले.

पंचवीस, पाच, शून्य. प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर दिलासा आहे. तिन्ही एकत्र वाचल्या की त्यातून एक धडा मिळतो, आणि तो धडा मला अस्वस्थ करतो.

एकाच गल्लीतले तिघे डोळ्यांसमोर आणावेत. पहिल्याने २००५ साली गुंठा घेतला, घर बांधले आणि स्वस्थ बसला. दुसऱ्यानेही घेतला, पण २०१८ मध्ये बायकोचे दागिने मोडून २५ टक्के भरले आणि शेरा काढून घेतला. तिसऱ्याला व्यवहार बेकायदा आहे असे वकिलाने सांगितले, म्हणून त्याने तो केलाच नाही. तो आजही भाड्याच्या खोलीत आहे आणि आता गुंठ्याचे भाव त्याच्या हाताबाहेर गेलेत. पहिल्याला आज फुकट न्याय मिळतो, आणि मिळावाही. तो गरीब आहे, त्याने कोणाला लुबाडले नाही. पण दुसऱ्याच्या दागिन्यांचे काय? तिसऱ्याच्या सचोटीचे काय? विधेयकाच्या उद्देश व कारणांत पहिल्याची अडचण येते. बाकीच्या दोघांची तिथे दखल असायलाच हवी, कारण कायद्यावर खरा भरवसा त्यांनी ठेवला होता.

आणि एक चौथा माणूस आहे. त्याने एकराचे चाळीस तुकडे पाडले, रस्ता सोडला नाही, गटार काढले नाही, पैसे घेतले आणि पुढच्या गावात तेच केले. व्यवहार नियमित झाला की त्याची विक्रीही आपोआप नियमित होते. राहिलेला रस्ता, पाण्याची लाइन, सांडपाणी यांचा खर्च नगरपालिकेच्या, म्हणजे सगळ्या करदात्यांच्या माथी येतो. घेणाऱ्याला माफी आणि विकणाऱ्याकडून वसुली, असा भेद दुरुस्तीत ठळकपणे करायला हवा होता. घेणाऱ्याची अगतिकता आणि विकणाऱ्याचा धंदा या एका मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत.

अध्यादेशाची वाट हा हिशेब आणखी अवघड करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार अधिवेशन चालू नसताना राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर व्हावे लागते. तातडीच्या प्रसंगासाठी ही सोय आहे. १९६५ पासून लोंबकळणाऱ्या प्रश्नाला दोन अधिवेशनांच्या मधली ती घाई कशासाठी? विधेयक सभागृहात येते तेव्हा ते आधीच अमलात असते, लोक अर्ज करू लागलेले असतात, आणि मग आमदारांच्या हाती उरते ते होकार देणे.

हिशेब न मांडण्याचा तोटा दुसऱ्या प्रकारेही होतो. महिलांवरील अत्याचारांसंबंधीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले. केंद्राच्या कायद्यांत बदल असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीची गरज होती, ती मिळाली नाही. मग १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या दंड संहितेत बदल करायचा होता तीच उरली नाही. विधेयकामागची तळमळ खरी होती. पण राज्याच्या हाती किती आहे आणि दिल्लीच्या हाती किती, याचा हिशेब सुरुवातीलाच लोकांसमोर ठेवला असता, तर पीडितांना दिलेला शब्द एवढा हवेत राहिला नसता. तपास अधिकारी, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, विशेष न्यायालये या गोष्टी राज्य स्वतः उभारू शकते, आणि त्यासाठी कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही.

वेळ दिला आणि मसुदा लोकांपुढे ठेवला तर फरक पडतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाबद्दल तीव्र मतभेद होते आणि आहेत. तरी ते संयुक्त समितीकडे गेल्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये संमत होण्यापूर्वी मसुद्यातले काही शब्द बदलले. ते बदल पुरेसे होते की नाही यावर वाद घालता येईल, पण लोक विधेयक वाचतच नाहीत ही सबब मात्र यापुढे चालणार नाही. केंद्र सरकारने २०१४ सालीच ठरवले आहे की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवावा. राज्यालाही तसे बंधन स्वतःवर घालून घेता येईल.

त्यापुढे जाऊन तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक दुरुस्ती विधेयकाबरोबर मूळ कायद्याचा, दुरुस्तीनंतर तो कसा वाचला जाईल असा सलग मजकूर मराठीत द्यावा. तुटक उताऱ्यावरून वकिलालाही अर्थ लावताना थांबावे लागते. वित्तीय ज्ञापनाप्रमाणेच जुन्या कायद्याच्या परिणामांचे एक ज्ञापन असावे: किती जणांना तो लागू झाला, किती जणांनी पाळला, हेतू किती साधला. आणि सवलत देणाऱ्या विधेयकात, ज्यांनी आधीच नियम पाळून पैसे भरले त्यांची तरतूद काय, हे एक कलम सक्तीचे असावे. परतावा द्या, करात वळते करा, किंवा देता येणार नाही असे कारणांसह सांगा. पण त्यांचा उल्लेख करा.

कायदा पोलिसाच्या भीतीने फार थोडा पाळला जातो. बहुतेक माणसे तो पाळतात, कारण शेजारीही पाळेल आणि उद्या आपण मूर्ख ठरणार नाही, असा त्यांचा विश्वास असतो. दर काही वर्षांनी तारीख पुढे सरकते, दंड उतरतो, शेवटी माफ होतो, तेव्हा हा विश्वास झिजतो. आणि १५ ऑक्टोबर २०२४ नंतरचा गुंठा आज घेणारा माणूस पुढच्या तारखेची वाट बघू लागतो. म्हणून पुढच्या अधिवेशनात आपला आमदार कुठल्याही दुरुस्तीला हात वर करील, तेव्हा त्याला मतदारसंघात परतल्यावर एवढेच विचारावे: हा कायदा ज्यांनी आजवर पाळला, त्यांच्यासाठी या विधेयकात काय आहे?