वेतन दिले की ऋण फिटते काय?

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. कॅनडा आणि अमेरिका येथे तो शब्द बर्फावरील खेळाचा वाचक आहे, आणि तेथील नॅशनल हॉकी लीग हा केवळ खेळ नसून कोट्यवधींचा व्यवहार आहे. या व्यवहारात काही वर्षांपूर्वी एक नैतिक प्रश्न उभा राहिला. वरवर पाहता तो हिशेबाचा होता. पण वकिली करणाऱ्या माणसास तो सहजासहजी सोडवत नाही.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या भांडणात २००४-०५ चा सबंध हंगाम रद्द झाला. त्यानंतर २००५ साली जो करार झाला, त्याने प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. धनाढ्य नगरांच्या संघांनी सारे उत्तम खेळाडू विकत घेऊ नयेत, लहान नगरांच्या संघांनाही जिंकण्याची आशा उरावी, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. मर्यादा सर्वांनी मिळून स्वीकारली होती. म्हणजे ती एकमेकांना दिलेले वचनच होते.

परंतु त्या करारास एक भोक राहिले. खेळाडूस खालच्या दर्जाच्या अमेरिकन हॉकी लीगमधील दुय्यम संघात धाडले, तर बहुतेक प्रसंगी त्याचा पगार वरच्या संघाच्या मर्यादेत धरला जात नसे. पगार मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण द्यावा लागे. तेव्हा चुकून भरमसाट रकमेवर घेतलेला खेळाडू खाली पाठवला की हिशेबाच्या वहीतून तो नाहीसा होई. खेळाच्या बोलीत यास 'पुरणे' म्हणत. भाषा कधी कधी कायद्यापेक्षा प्रामाणिक असते!

वेड रेडन हे त्यातील गाजलेले नाव. ऑटवाच्या संघात अकरा हंगाम काढलेला, कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला हा बचावपटू. २००८ साली न्यूयॉर्क रेंजर्स संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा, ३ कोटी ९० लाख डॉलरांचा करार केला. मर्यादेत त्याची गणना वर्षाला ६५ लाख. त्याचा खेळ त्या मोलाचा ठरला नाही. २०१० च्या शरद ऋतूत संघाने त्यास इतर संघांपुढे ठेवले. २९ पैकी एकानेही उचलले नाही. मग त्याची रवानगी हार्टफर्डच्या दुय्यम संघात झाली. त्या वर्षी मर्यादा ५ कोटी ९४ लाख होती. म्हणजे जवळजवळ नववा हिस्सा एका सहीनिशी मोकळा झाला.

यात आणखी एक पेच होता. असा खेळाडू परत वर बोलावला, तर वाटेत दुसरा कोणताही संघ त्यास निम्म्या भावात घेऊ शके, आणि उरलेला निम्मा भार मूळ संघाच्या मर्यादेवर पडे. म्हणजे तो खाली जितका चांगला खेळेल, तितके त्यास वर बोलावणे संघास धोक्याचे! ज्या शिक्षेत सुधारणेचे फळ मिळत नाही, तिला शिक्षा तरी कसे म्हणावे? रेडन दोन हंगाम तेथे खेळला, आणि त्याने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही.

आता कोणी विचारील, ज्यास वर्षाला लाखो डॉलर मिळतात त्याच्यासाठी अश्रू कशाला? आक्षेप वजनदार आहे. खेळ घसरला तर जागा जाणारच. कोणत्याही खेळाडूस वरच्या संघात खेळण्याचा जन्मसिद्ध हक्क नाही. प्रशिक्षकाने गुणावगुण पाहून त्यास बसवले असते, तर मी एक अक्षरही लिहिले नसते. येथे तसे घडले नाही. येथे निर्णय त्याच्या खेळाने नव्हे, त्याच्या किमतीने केला. आणि ती किंमत त्याने एकट्याने ठरवलेली नव्हती. हाच खेळाडू दहा लाखांत मिळाला असता, तर बहुधा वरच खेळला असता. करणाऱ्यांनी चूक केली, आणि तिचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या आयुष्यातील वर्षांनी घेतले.

आमच्या कायद्याच्या ग्रंथांत हा प्रश्न जुना आहे. नोकरास पगार द्या, काम दिलेच पाहिजे असे नाही, हा इंग्रजी कायद्याचा सामान्य नियम. न्यायमूर्ती अ‍ॅस्क्विथ यांनी १९४० साली स्वयंपाकिणीचा दाखला दिला: तिचा पगार वेळेवर पोचत असेल, तर मालक बाहेर जेवतो म्हणून तिला तक्रार नाही. पण त्या आधीच, १९३० साली, हाउस ऑफ लॉर्ड्सने एका नटाच्या बाजूने निर्णय दिला होता. त्यास प्रमुख भूमिकेसाठी घेतले आणि पुढे दुय्यम भूमिका देऊ केली. नटाच्या बाबतीत पगाराबरोबर प्रेक्षकांसमोरचे स्थानही मोबदल्याचा भाग आहे, आणि ते बुडवल्यास भरपाई द्यावी लागेल, असे तेथे ठरले. आपल्या देवस्थानांत हे समजण्यास न्यायालय लागत नाही. जत्रेच्या रात्री सभामंडपात कीर्तन करण्यासाठी बोलावलेल्या बुवांस पूर्ण बिदागी देऊन अग्रशाळेत कीर्तन करायला लावले, तर महाजनांपैकी कोणीही हिशेब चुकता झाला असे म्हणणार नाही.

२०१३ च्या नव्या कराराने ते भोक बरेचसे बुजवले. खाली पाठवलेल्या खेळाडूमागे किमान वेतन अधिक ३ लाख ७५ हजार डॉलर, एवढीच सूट राहिली. बाकी रक्कम मर्यादेत धरली जाऊ लागली. २०१३-१४ च्या हिशेबाने रेडनसारख्याचे ६५ लाखांपैकी ५५ लाख ७५ हजार वहीत उरले असते. या कलमास लोकांनी रेडनचेच नाव दिले. मात्र कलम नीट वाचले, तर त्याने रक्षण केले ते संघांमधील समतोलाचे. खेळाडूचे रंगपीठ काढून घेता येते की नाही, याबद्दल ते मूक आहे. ते काढून घेणे महाग केले, इतकेच.

त्याच वर्षी जानेवारीत रेंजर्सनी उरलेला करार पैसे देऊन मोडला. काही दिवसांतच सेंट लुइसच्या संघाने रेडनला घेतले, आणि त्या हंगामात तो पुन्हा वरच्या लीगमध्ये खेळला.