बबचा सलाम

झोंबी म्हटलं की माणसं फाडून खाणारा मढ्यांचा लोंढा डोळ्यांसमोर येतो. पण पूर्ण लांबीचा पहिला झोंबीपट मानल्या जाणाऱ्या 'व्हाइट झोंबी'तली (1932) मढी कुणाला खात नाहीत, ती राबतात. हैतीतल्या साखर कारखान्याचा मालक मेलेल्यांना उठवून कामाला जुंपतो. बेला लुगोसीने ही भूमिका केली आहे. उसाच्या टोपल्या घेऊन मजूर ओळीने चालत असतात. त्यातला एक तोल जाऊन यंत्रात पडतो, तरी ओळ थांबत नाही, यंत्रही थांबत नाही. फ्रेंचांच्या ऊसमळ्यांवर हैतीच्या गुलामांनी जे भोगलं, त्यातूनच ही धास्ती जन्मली होती: मेल्यावरही सुटका नाही. चित्रपट आला तेव्हा हैती पुन्हा परक्यांच्या, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या, ताब्यात होती.

थोडक्यात, सुरुवातीला खलनायक माणूसच होता आणि झोंबी त्याचा बळी. फक्त चित्रपटाची सगळी कणव गोऱ्या नायिकेच्या वाट्याला गेली. मजूर पार्श्वभूमीलाच राहिले.

जॉर्ज रोमेरोने 1968 मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला आणि मढी उठवणाऱ्या मांत्रिकाला कायमची रजा दिली. आता मढी आपली आपणच उठतात. त्यांना मालक नाही आणि हेतूही नाही, त्यामुळे दोष तरी त्यांना कसा द्यायचा? खलनायकाची ही रिकामी जागा जिवंत माणसांनी भरली. पेन्सिल्व्हेनियातल्या एका शेतघरात काही जण अडकले आहेत. बेन म्हणतो, दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद करू. हॅरी कूपर म्हणतो, तळघरात जाऊ. कूपर हेकट आहे, भेकड आहे. बेन बाहेर अडकतो तेव्हा तो दार उघडत नाही. प्रेक्षक त्याचा मनापासून तिरस्कार करतो.

आणि शेवटी बेनचा जीव वाचतो तो त्याच तळघरात! कूपरचं म्हणणं बरोबर होतं. या चित्रपटातलं सगळ्यात धाडसी काही असेल तर ते हेच, असं मला वाटतं. कूपर खलनायक ठरतो, पण त्याचा अंदाज चुकला म्हणून ठरत नाही. स्वतःच्या बचावापुढे त्याला बाहेरचा माणूस दिसेनासा होतो, म्हणून ठरतो. सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी टोळी बेनलाच झोंबी समजून गोळी घालते. बेन कृष्णवर्णीय आहे, मारणारे गोरे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली होती. त्या प्रेक्षकाला हा शेवट वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

मढ्याला चेहरा मिळायला मात्र 1985 उजाडलं. रोमेरोच्याच 'डे ऑफ द डेड'मध्ये जमिनीखालच्या लष्करी तळावर डॉ. लोगन बब नावाच्या झोंबीला माणसाळवू पाहतात. बबपुढे वस्तरा ठेवला की तो गालावरून फिरवतो. कानाला हेडफोन लावून बीथोव्हेन ऐकवला की त्याच्या चेहऱ्यावर नवल उमटतं. कॅप्टन ऱ्होड्स समोर येतो तेव्हा बब सलाम ठोकतो, ऱ्होड्स तो परत करत नाही. पुढे ऱ्होड्स संतापून लोगनला ठार करतो. लोगनचं प्रेत पाहून बब विव्हळतो, पिस्तूल उचलतो, ऱ्होड्सला गाठून गोळ्या घालतो आणि पुन्हा सलाम करतो. शर्मन हॉवर्डने हे सगळं जवळपास शब्दांवाचून उभं केलं आहे.

पण ऱ्होड्सचा संताप निराधार नव्हता. लोगन बबला बक्षीस म्हणून मेलेल्या सैनिकांचं मांस भरवत होते. बबच्या डोळ्यांतली ओळख त्या मांसावर पोसलेली आहे. कणव वाटते आणि त्याच वेळी शिसारीही येते, म्हणून हा प्रसंग मला रोमेरोच्या कामाचं शिखर वाटतो. त्याच्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये (2005) झोंबींचा नेता श्रीमंतांच्या मनोऱ्यावर चाल करून जातो. तिथे बाजू निवडणं सोपं होतं आणि अस्वस्थता ओसरते.

बबच्या पुढचं पाऊल कोरियन दिग्दर्शक येऑन सांग-हो याने 'ट्रेन टू बुसान'मध्ये (2016) टाकलं. योंग-सुक हा बस कंपनीचा बडा अधिकारी. हा माणूस डब्याचं दार अडवतो, स्वतः निसटायला इतरांना झोंबींपुढे ढकलतो. त्याच्या मरणाची आपण वाटच पाहत असतो. संसर्ग होऊन तो बदलू लागतो तेव्हा मात्र लहान मुलासारखा घरचा पत्ता सांगतो, आई वाट बघतेय, मला घरी पोचवा म्हणतो. पुढच्याच क्षणी तो झोंबी होऊन नायकाला चावतो. दिग्दर्शक त्याला माफ करत नाही, पण त्याचं भय खोटंही ठरवत नाही. खलनायक, कीव यावी असा माणूस आणि राक्षस, तिन्ही एकाच देहात काही क्षणांत दिसतात.

'झोंबिवली'ने (2022) हा प्रकार डोंबिवलीच्या टॉवर आणि वस्तीपर्यंत आणला, ही मोठी गोष्ट झाली. आता मराठीत पुढचा झोंबीपट लिहिणाऱ्याने मढ्यांच्या रंगभूषेआधी एक हॅरी कूपर लिहावा, ज्याचं म्हणणं आपल्याला निम्मं तरी पटेल.